दोन फुटांवरून पडली आणि मान गेली. चूक माझी की गिटारच्या घडणीची?

सहातारा_सोलापूर

नमस्कार. गुरुवार रात्रीपासून मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

माझ्याकडे लेस पॉल धाटणीची इलेक्ट्रिक गिटार आहे. पुण्याहून वापरलेली घेतली, ३४,००० रुपयांना. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. चौदा महिने पैसे बाजूला टाकले तेव्हा ती घरी आली. आईने जुन्या चादरीची खोळ शिवून दिली, बॅगेच्या आत आणखी एक थर म्हणून. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, लग्नाची रिसेप्शनं आणि नवरात्रातल्या मंडळांचे कार्यक्रम करतो.

गुरुवारी अशोक चौकाजवळच्या सरावाच्या खोलीत मी गिटार ॲम्पला टेकवून पाणी प्यायला उठलो. ड्रमरचा पाय केबलमध्ये अडकला आणि गिटार पाठीवर पडली. उंची दोन फूटही नसेल. आवाजसुद्धा फार झाला नाही. उचलली तर तारा ढिल्या. नटच्या (तारा ज्या खाचांतून जातात त्या छोट्या पट्टीच्या) मागे, जिथे मान संपून डोकं सुरू होतं, तिथे तिरपी चीर. पुढचा काळा पापुद्रा अजून धरून आहे, मागून मात्र आतलं लाकूड दिसतंय.

आमच्या दुसऱ्या गिटारवाल्याकडे स्ट्रॅट, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची आहे. ती गेल्या वर्षी जिन्यावरून चार पायऱ्या घरंगळली होती. रंगाचा एक टवका उडाला, बाकी काही नाही. मग माझीच का गेली? वजनाने तर माझीच भरभक्कम आहे. टेकवून ठेवली ही माझी चूक, ते मान्य. पण एवढ्याने मान जावी का? सोलापुरात हे नीट करणारं कोणी आहे का, की पुण्याला न्यावी? आणि पुढे कधी दुसरी घ्यायची झाली तर काय बघून घेऊ?

नवीपेठ_बीट्स

वाईट वाटलं भावा. माझ्या अकॉस्टिकला अशीच चीर होती. फेविक्विक ओतलं, दाबून धरलं, दोन वर्षं चालली. नाहीतर सरळ मान बदलून घे, ऑनलाइन मिळतात की.

रिवायंडिंगकाका

सहातारा, आधी एवढं कर, मग पुढचं वाच. सगळ्या तारा ढिल्या करून काढून टाक. १० ते ४६ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागात) तारांचा नेहमीचा संच सुरात असताना मानेवर साधारण ४५ किलोचा ओढा असतो, म्हणजे जवळजवळ सिमेंटचं एक पोतं. चिरलेल्या लाकडावर तो तसाच राहिला तर पुढचा पापुद्राही जाईल. चीर उघडून-मिटून बघू नकोस. दर वेळी आतले चार रेषे मोडतात, आणि हे रेषे जसेच्या तसे एकमेकांत बसले तरच जोड पक्की होते. फेविक्विक तर अजिबात नको. नवीपेठने मनापासून सांगितलंय, पण ते क्षणात कडक होतं, तुकडे जागेवर बसवायला वेळच देत नाही. शिवाय लाकडात एकदा शिरलं की नंतरचा चांगला गोंद तिथे धरत नाही. आणि मान बदलणं स्ट्रॅटमध्ये जमतं. तुझी मान चिकटवलेली आहे, स्क्रूने काढायची नाही.

मी साखर पेठेत ३१ वर्षं मोटारी रिवाइंड करतोय, बहुतेक मागाच्या. गिटारशी संबंध आला तो पिकअपमुळे, म्हणजे तारांची कंपनं पकडणाऱ्या चुंबकाच्या वेटोळ्यामुळे. एक मुलगा बंद पडलेला पिकअप घेऊन आला, म्हणाला, काका, तांब्याची तारच आहे, गुंडाळून द्या. उघडून बघितलं तर तार ०.०६ मिलीमीटरची, केसासारखी, आणि वेढे आठ हजारांच्या घरात. पहिल्या तीन वेळा तुटली, चौथ्यांदा जमलं. तेव्हापासून येतील त्या गिटारी बघतो, लाकूडकामासकट.

तू विचारलंस ‘माझीच का’. त्याचं उत्तर लाकडाच्या रेषेत आहे. लेस पॉल १९५२ ची. बनवणारी गिब्सन कंपनी मँडोलिन आणि पोकळ गिटारींच्या परंपरेतली. त्या घडणीत मान अंगाला चिकटवतात आणि डोकं मागे झुकवतात, पुष्कळ मॉडेलांत १७ अंश. झुकल्यामुळे तारा नटवर घट्ट बसतात, ते चांगलं. पण मान आणि डोकं महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापतात. मानेत रेषा सरळ धावते, आणि डोकं वळतं तिथे ती तिरपी कापली जाऊन बाहेर पडते. ऊस लांबीत मोडायला जोर लागतो, तिरपा कापलेला चट्कन सोलवटतो, तसंच हे. त्यात भर म्हणजे ट्रस रॉडचा, म्हणजे मानेतल्या लोखंडी दांड्याचा, नट फिरवायला बरोबर त्याच ठिकाणी खाच पाडलेली असते. जिथे ताण सगळ्यात जास्त, तिथेच लाकूड सगळ्यात कमी.

आता ती पाठीवर पडली की जमिनीला आधी काय लागतं? मागे झुकलेलं डोकं. आणि डोकं लागलं नाही तरी मान जाऊ शकते. डोक्यावर सहा चाव्यांचं वजन आहे. अंग एकदम थांबतं, डोकं पुढे जात राहतं. हार्ड केसमध्ये ठेवलेल्यांच्याही माना अशाच जातात, बाहेरून ओरखडा नाही आणि आत तुकडा पडलेला. अंग जड म्हणून गिटार भक्कम, हा समज काढून टाक. इथे जड अंगच मानेचा घात करतं.

स्ट्रॅटचं डोकं सरळ आहे, मानेच्या पातळीपेक्षा जरा खाली उतरवलेलं, झुकवलेलं नाही. लाकूड मेपल, रेषा टोकापर्यंत अखंड. बारीक तारा नटवरून उचलल्या जाऊ नयेत म्हणून त्यांना डोक्यावर छोट्या आकड्याखालून नेतात. दिसायला साधं, पण मोडत नाही. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, कॅलिफोर्नियात फुलर्टनला त्याचं दुकान होतं. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. पण दुरुस्तीला आलेली वस्तू उघडताना काय त्रास होतो ते हाताला माहीत होतं. १९५० साली त्याने घन लाकडाची गिटार बाजारात आणली, तिची मान चार स्क्रूंनी बसवलेली होती. खराब झाली की काढा, दुसरी लावा. मी हे वाचलं तेव्हा मला माग आठवला. मागावर धोट्याचा मार पिकर खातो. तो झिजणारच, हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून मार बसतो तिथे स्वस्त आणि बदलता येणारा तुकडा ठेवला. पिकर गेला म्हणून माग कोणी भंगारात काढत नाही. ज्या गिटारीत मार खाणारी जागा बदलता येत नाही, तिथे निदान लाकूड तरी जास्त ठेवायला हवं होतं.

तसं गिब्सनच्याही लक्षात आलं होतं. १९६० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी कोन १४ अंशांवर आणला. पुढे १९७० च्या सुमारास नटमागे लाकडाचा उंचवटा ठेवला, त्याला व्होल्यूट म्हणतात, आणि मान तीन पट्ट्या जोडून करायला लागले. मान मजबूत झाली. पण लोकांना जुनं रूपच हवं होतं, उंचवटा हाताला लागतो म्हणून नको होता, आणि तो गेला. मला याचं खरंच दुःख होतं. पुढे घेशील तेव्हा नटच्या मागे अंगठा फिरवून बघ, उंचवटा लागला तर चांगलं. डोकं वेगळ्या तुकड्याचं तिरप्या सांध्याने चिकटवलेलं असेल तर लोक नाक मुरडतात, स्वस्तातलं म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. त्यात डोक्यातली रेषाही सरळ राहते आणि चिकटलेली जागा लांब असते. सांधा नीट केलेला असेल तर तो अखंड महोगनीपेक्षा जास्त सोसतो.

स्क्रूवाल्या गिटारीही निर्दोष नाहीत. माझ्याकडे सगळ्यात जास्त काय येत असेल तर जॅक, म्हणजे केबल लावायची जागा. स्ट्रॅटच्या होडीसारख्या पत्र्यातला असो की फेंडरच्याच टेलिकास्टरच्या वाटीतला, एकच नट त्याला धरून ठेवतो. तो ढिला पडतो, वाजवणारा बाहेरून पिळून घट्ट करतो, आणि आत आख्खा जॅक फिरून वायरींना पीळ बसतो. दोन-तीनदा असं झालं की टाका तुटतो. मागचा भाग आतून धरल्याशिवाय तो नट कधी फिरवू नका. केबल आधी पट्ट्याच्या आतून घालून मग जॅकमध्ये लावा, म्हणजे पाय अडकला तरी झटका पट्ट्याला बसतो. लेस पॉल धाटणीत जॅकची चौकट पुष्कळदा प्लास्टिकची असते. कोपऱ्यात तडकली असेल तर धातूची लाव, चार स्क्रूंचं काम.

पट्ट्याच्या बटणाचा स्क्रू नेहमी आखूड असतो, त्याबद्दल मी फार बोलत नाही. भोक मोठं झालं तर आगपेटीच्या काड्या गोंद लावून ठोक, वाळू दे, परत स्क्रू लाव. खरखरणाऱ्या नॉबचं मात्र आपल्या गावात ऐकाच. मागांच्या वस्तीत घर असेल तर सुताचे बारीक तंतू आणि धूळ नॉबखालच्या पोटेन्शिओमीटरच्या आत कार्बनच्या पट्टीवर बसतात. बाजारातला गंज काढायचा स्प्रे मारू नका, त्याचं तेल मागे राहून आणखी धूळ धरतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तो थोडा मारून नॉब वीस वेळा फिरवा.

सहातारा, चीर किती लांब आहे ते मोजून सांग.

कीर्तनाची_पेटी_मिरज

काकांचं वाचून राहवलं नाही. मी मिरजेचा, सतार-तानपुऱ्यांच्या कारागिरांत वाढलो. सतारीतही नाजूक जागा अशीच असते. भोपळा आणि दांडी जिथे भेटतात तो गुलूचा सांधा. प्रवासात आपटलेली सतार बहुतेक तिथेच उघडते. जुने लोक तो सांधा सरसाने, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या गोंदाने करायचे. सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून कारागीर तो सांधा लाकूड न फोडता उघडून परत बसवू शकतो. आताच्या झटपट गोंदांनी जोडलेलं वाद्य समोर आलं की आधी तो गोंद खरवडण्यातच दिवस जातो, आणि त्यात मूळचं लाकूडही जातं. सहातारा, तुझ्या चिरेत अजून काही ओतलेलं नाही, हे तुझं भाग्य समज.

विजापूररोड_ताई

मी मुलांना गिटार शिकवते. तुटण्याचं काका सांगतातच, मी उन्हाळ्याचं सांगते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठक्क, तेव्हा फ्रेटबोर्डचं, म्हणजे मानेवर बोटं ठेवायच्या पट्टीचं लाकूड आकसतं. तिच्यावरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, धातूचे, ते आकसत नाहीत, मग त्यांची टोकं कडेने बाहेर येऊन बोटं खरचटतात. पालक मला म्हणतात गिटार खराब निघाली. तसं नसतं. कूलरसमोर ठेवली की उलट प्रकार, ओलावा आणि मान हलते. गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका. आतल्या खोलीत, भिंतीपासून जरा दूर, बंद बॅगेत ठेवायची.

एक प्रश्न मलाही आहे काका. पांढऱ्या फेव्हिकॉलने जोडलेली मान आपल्या उन्हाळ्यात टिकेल का?

सहातारा_सोलापूर

सगळ्यांचे खूप आभार. काका, तारा काढल्या. चीर मोजली, अडीच इंच आहे, बरीच तिरपी. मागच्या बाजूला एक बारीक कपची निघाली होती, ती मी जपून डबीत ठेवलीय. तुमच्याकडे आणू का?

आणि ‘वजनाने भरभक्कम’ लिहिलं होतं मी. घेताना तिचं वजन बघूनच घेतली होती.

रिवायंडिंगकाका

ताई, बरोबर विचारलंत. साधा पांढरा गोंद उन्हात मऊ पडतो आणि सततच्या ओढ्याखाली सांधा कणाकणाने सरकतो. मी लाकूडकामाचा पिवळा गोंद वापरतो, तो त्या मानाने उष्णता सोसतो. तरी दुरुस्त केलेली मान गरम गाडीत ठेवायची नाही, हे आहेच.

सहातारा, अडीच इंच तिरपी म्हणजे चांगली बातमी आहे. चीर लांब तितकी चिकटायला जागा जास्त. आखूड, आडवी तुटली असती तर मागून नव्या लाकडाच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या असत्या. ती कपची जपलीस, शाब्बास. रविवारी सकाळी दहानंतर ये. त्या दिवशी मोटारी घेत नाही.

काम कसं होईल ते सांगून ठेवतो. ट्रस रॉडला आधी मेण लावीन, म्हणजे गोंद त्याला धरणार नाही, नाहीतर मान जुळेल आणि रॉड कायमचा अडकेल. मग गोंद चिरेत शेवटपर्यंत पोचवायचा, मानेच्या आकाराचे लाकडी ठोकळे लावून शिकंजे आवळायचे, एक दिवस हात लावायचा नाही. त्यानंतरही आठवडाभर तारा चढवणार नाही. पुढच्या शनिवारी कार्यक्रम असेल तर दुसऱ्याची गिटार मागून घे, माझ्याकडे घाई करू नकोस. रेघ दिसेल, ती रंगाने झाकायचा खर्च मी तुला सांगणार नाही. पुढेमागे विकलीस तर घेणाऱ्याला मान जोडलेली आहे हे सांगायचं, तेवढं मला कबूल कर.

येताना आईंनी शिवलेली खोळही आण. चादरीची घडी डोक्याखाली ठेवतोस की मानेखाली, ते बघायचंय. ती मानेच्या मध्याखाली हवी, आणि डोकं अधांतरी राहायला हवं, बॅगेला कुठेच न टेकता. माप घेऊन देतो, आईंना सांग तेवढ्या जागी तीन पदर घालायला.