मदत हवी आहे : डॉट को डॉट इन की नुसतं डॉट इन?

नमस्कार मंडळी. नाशिकला रविवार कारंजाजवळ आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. वेबसाइट वडिलांच्या वेळेपासून डॉट को डॉट इनवर. पिशव्या, बिलबुकं, पाटी, सगळीकडे तेच छापलेलं.

परवा पुण्याच्या एका काकूंचा फोन आला, "अहो, तुमच्या साइटवर भलतंच काहीतरी उघडतंय." त्यांनी मधलं 'को' गाळलं होतं. आमच्याच नावाचं नुसतं डॉट इन कुणीतरी घेऊन ठेवलंय आणि वर 'विक्रीसाठी उपलब्ध' अशी पाटी! फार जिवाला लागलं.

आपल्याकडे थेट, म्हणजे मधल्या 'को'शिवाय, डॉट इन २००५ पासून सर्वांना खुलं आहे, तेव्हा आमची साइटच नव्हती. पुढे नाव घेताना दोन्ही घ्यायला हवी होती, ती चूक आमचीच. पण ब्रिटनने २०१४ मध्ये थेट डॉट यूके सुरू केलं, तेव्हा जुन्या डॉट को डॉट यूकेवाल्यांसाठी तेच नाव पाच वर्षं राखून ठेवलं. ऑस्ट्रेलियानेही २०२२ मध्ये जुन्या धारकांना सहा महिने अग्रहक्क दिला. थेट नोंदणी असावीच, नाव सुटसुटीत होतं. पण ती अशी, जुन्यांना सांभाळून. माझं तरी हेच मत.

आता विचारायचं ते हे : मागतील ती किंमत देऊन नाव घ्यावं, की आयएनडीआरपीखाली (डॉट इन नावांवरचे वाद सोडवायचं धोरण) तक्रार करावी? आमचा ट्रेडमार्क नोंदलेला नाही, बिलं मात्र जुनी आहेत. त्यावर निभावेल का? कुणी या वाटेने गेलं असेल तर खर्च आणि वेळ जरूर सांगा.