आई-बाबांना ऑस्ट्रेलियात आणायचं आहे : ८७०, १४३ की ८०४? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई-बाबांनी आता आमच्याकडे ऑस्ट्रेलियात येऊन राहावं असं घरात सगळ्यांच्या मते ठरलं आहे, पण कोणत्या व्हिसावर, इथे गाडं अडलंय (शीर्षकातले आकडे म्हणजे पालकांच्या व्हिसांचे नंबर). ज्यांनी आई-वडिलांना आणलं त्यांचे अनुभव हवेच आहेत, पण सगळा विचार करून न आणायचं ठरवलं असेल तर तेही जरूर लिहा.

बाबा ७१ वर्षांचे, आई ६५ची. बाबांना मधुमेह आहे, अँजिओप्लास्टी झालेली आहे, पण हिंडतेफिरते आहेत. आईचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. आम्ही दोघी बहिणी. ताई भारतातच आहे, पण तिचे सासरे अंथरुणाला खिळलेत आणि तिची ओढाताण रोज फोनवर ऐकू येते. आई-बाबांचंही सगळं तिच्याच गळ्यात टाकणं मला पटत नाही. मी आणि नवरा दोघंही इथले नागरिक आहोत, दोघांच्याही नोकऱ्या आहेत.

कायमच्या व्हिसासाठी 'बॅलन्स ऑफ फॅमिली'ची अट असते : निम्मी किंवा जास्त मुलं ऑस्ट्रेलियात कायमची स्थायिक हवीत, नाहीतर इतर कुठल्याही एका देशापेक्षा इथे जास्त मुलं हवीत. आम्ही दोघी, त्यातली मी इथे, म्हणजे निम्म्यावर आम्ही बसतो. एका परिचितांची तीन भावंडं तीन देशांत आहेत, त्यांना या एका अटीमुळे कायमच्या व्हिसाचा विचारच सोडावा लागला. तुमच्या घरी असं असेल तर आधी हे तपासा, बाकीचं नंतर.

आता १४३, म्हणजे काँट्रिब्युटरी पेरेंट. माणशी जवळजवळ पन्नास हजार डॉलर, त्यातला मोठा हप्ता शेवटी भरायचा. शिवाय दहा वर्षांची 'अ‍ॅशुरन्स ऑफ सपोर्ट', म्हणजे त्यांच्या खर्चाची हमी, आणि त्याची बँक गॅरंटी. मिळाला की मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा मिळते, ही फार मोठी गोष्ट. पण आज अर्ज केला तर नंबर लागायला एका तपाहून जास्त काळ जाईल. तेव्हा बाबा पंच्याऐंशीच्या घरात असतील. आणि वैद्यकीय तपासणी नंबर जवळ आल्यावर होते, म्हणजे ज्या वयात ती पार पडणं सर्वांत कठीण, त्याच वयात. १०३, म्हणजे कमी फीच्या साध्या पेरेंट व्हिसाची रांग तर तीस वर्षांच्या आसपास आहे, त्याबद्दल लिहितच नाही.

इथले बरेच जण ८०४ सुचवतात. हा एज्ड पेरेंट, अर्जदाराचं वय इथल्या पेन्शनच्या वयाइतकं, म्हणजे ६७ हवं. बाबा त्यात बसतात, आई जोडीदार म्हणून त्यांच्या अर्जात येऊ शकते. अर्ज ऑस्ट्रेलियात असताना करायचा आणि निकाल लागेपर्यंत ब्रिजिंग, म्हणजे मधल्या काळापुरत्या व्हिसावर इथेच राहायचं. रांग लांब आहे हेच इथे उपयोगी पडतं. पण मला यात दोन गोष्टी टोचतात. एक, त्यासाठी आधी व्हिजिटर व्हिसावर यायला हवं आणि त्यावर ८५०३, म्हणजे 'नो फर्दर स्टे'ची (इथे असताना दुसऱ्या व्हिसाचा अर्ज न करण्याची) अट नको. 'फिरायला येतोय' असं सांगून मुक्काम ठोकायचा, हे बाबांच्या स्वभावात बसत नाही आणि मलाही त्यांना तसं करायला लावायचं नाही. दुसरं, भारताशी ऑस्ट्रेलियाचा आरोग्यसेवेचा परस्पर करार नाही. म्हणजे त्या सगळ्या वर्षांत मेडिकेअर नाही. भारतात जायचं झालं तर परत येता यावं म्हणून आधी ब्रिजिंग व्हिसा 'बी' काढायचा. उद्या ताईकडे काही झालं आणि तातडीने निघायचं असेल तर?

म्हणून माझा कल ८७०कडे, म्हणजे पालकांच्या तात्पुरत्या व्हिसाकडे आहे. तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो, एकूण जास्तीत जास्त दहा वर्षं. भावंडांची अट नाही. आधी मुलाने किंवा मुलीने स्पॉन्सर म्हणून मंजुरी घ्यायची, घरातलं करपात्र उत्पन्न ८३,४५४ डॉलरच्या वर दाखवायचं. तीन वर्षांना माणशी सहा हजार डॉलरच्या आसपास फी, पाच वर्षांना जवळजवळ बारा हजार. आरोग्यविमा सक्तीचा. आई-वडिलांनी इथल्या सरकारी रुग्णालयाचं बिल थकवलं तर जबाबदारी स्पॉन्सरची. ८७० हातात असताना इथे राहून ८०४चा अर्ज करता येत नाही, म्हणजे ही वाट धरली की ती बंद.

मी ८७०कडे झुकते कारण बाबांची ७१ ते ८१ ही वर्षं मला महत्त्वाची वाटतात. नातवंडं आत्ता लहान आहेत, आजोबांचा हात धरून शाळेत जायला आत्ता तयार आहेत. पण आई विचारते, "आणि दहा वर्षं झाली की मग काय? तेव्हा परत पाठवशील आम्हाला?" बाबा ८१, आई ७५, भारतातलं घर तोवर बंद राहिलेलं, आणि त्या वयात सगळं नव्याने मांडायचं. या प्रश्नावर मी काही बोलू शकले नाही. विम्याचं दुखणं आहेच : आधीपासूनच्या आजारांना सहसा बारा महिने थांबावं लागतं, आणि बाबांना जे काही होण्याची भीती आहे ते सगळं आधीपासूनचंच आहे.

खुद्द बाबांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांना भारत पूर्ण सोडायचा नाही. ते म्हणतात, व्हिजिटर ६०० घेऊ, अठरा महिन्यांत बारा महिने तुझ्याकडे, उरलेले तिकडे. १४३चा अर्ज रांगेत असलेल्या आणि देशाबाहेर असलेल्या पालकांना पाच वर्षांपर्यंतचा ६०० मिळू शकतो. त्यांची पेन्शन, हयातीचा दाखला, बँकेची खाती सगळं जागच्या जागी राहतं. (हयातीचा दाखला आता फोनवर चेहरा दाखवून देता येतो, त्यांना ते जमतंही. पण कायम बाहेर राहिले की खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) करावं लागणार आणि सीनियर सिटिझन बचत योजनेत नवी ठेव ठेवता येणार नाही.) आईचे गुडघे मात्र दर वेळच्या लांबलचक विमानप्रवासाला किती वर्षं साथ देतील, माहीत नाही.

तर विचारायचं हे :

८७०वर आई-वडिलांना आणलेल्या कुणाला मधुमेह किंवा हृदयविकाराच्या वडिलांच्या वैद्यकीय तपासणीचा अनुभव आहे का? जास्तीचे रिपोर्ट मागितले का, किती वेळ लागला?

विम्याचा मोठा दावा प्रत्यक्षात कुणी केला आहे का? कंपनीचं नाव नको, पण बारा महिन्यांच्या आत काही झालं तेव्हा खिशातून किती गेलं, ते सांगितलंत तर फार उपयोग होईल.

आणि ज्यांचे आई-वडील अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे असे राहतात, त्यांच्यापैकी कुणाला मध्येच हे थांबवावं लागलं का? कशामुळे? आई-वडिलांनी स्वतःहून सांगितलं की तुम्हाला दिसलं?

फी दर वर्षी १ जुलैला वाढते, त्यामुळे त्याआधी स्पॉन्सरशिपचा अर्ज टाकायचा की बाबांचं ऐकून ६००वर एक वर्ष काढून बघायचं, हे येत्या काही आठवड्यांत ठरवायचं आहे. ताईही हा धागा वाचणार आहे, तेव्हा भारतात राहून आई-वडिलांचं बघणाऱ्यांनीही मोकळेपणाने लिहा.