एसीला २० अंशांची मर्यादा: हवी की नको?

ठाणेकर: एसी २० ते २८ अंशांतच चालावेत असा नियम आणणार, असं केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केलं. माझा पूर्ण पाठिंबा. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, हे ऊर्जा दक्षता ब्युरो कधीपासून सांगतंय. २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ वर येतात, तरी लोक लगेच १८ करतात. साध्या (इन्व्हर्टर नसलेल्या) एसीत त्याने खोली लवकर गारही होत नाही, कॉम्प्रेसर उगाच चालत राहतो.

दमट हवा: साफ विरोध! आमच्याकडे त्रास घामाचा. लहान खोलीत दीड टनाचा एसी २४ ला चटकन थांबतो, हवा ओलसरच राहते. म्हणून माणूस आकडा खाली नेतो. आणि महावितरणचा दर ३०० युनिटनंतर चढतो, ५०० नंतर आणखी. पैसे मोजणाऱ्याला सरकारने का अडवावं?

ठाणेकर: मग एक टनाचा घ्या, पंखा लावा, हवेतला ओलावा काढणारा ड्राय मोड वापरा. बिल तुम्ही भरता, पण मे महिन्यात रात्री ट्रान्सफॉर्मर बसतो तेव्हा अख्खी गल्ली अंधारात जाते.

कॉम्प्रेसरवाला: मी एसी दुरुस्तीचं काम करतो. तुम्ही दोघं रिमोटवरच अडलात. परवा एका नव्या टॉवरमध्ये गेलो होतो. आउटडोअर युनिट ड्राय बाल्कनीत कोंबलेलं, पुढे शोभेची जाळी, तिच्यावर चादरी वाळत. बाहेर टाकलेली गरम हवा तिथल्या तिथे फिरून पुन्हा कॉइलवर. ५ स्टारचा एसी, पण उपयोग शून्य. दुसरं म्हणजे, ‘दरवर्षी गॅस भरून घ्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. गॅस बंद नळीत फिरतो, खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटला साबणाचं पाणी लावून बघा, गळती काढा, पंपाने नळीतली हवा ओढून व्हॅक्यूम करा, मग वजन करून गॅस भरा.

भाड्याचं घर: आमच्या मालकाने स्वस्तातला जुना एसी बसवलाय. बिल मी भरतो, मग तो ५ स्टार कशाला घेईल? या नियमात त्यावर काहीच नाही.

दमट हवा: हेच म्हणतोय मी. आधी बिल्डर आणि घरमालकांना धरा.

ठाणेकर: धराच. इमारत परवानगीतच आउटडोअरच्या मोकळ्या जागेची अट हवी, कॉम्प्रेसरवाल्यांचं शंभर टक्के पटलं. पण ती उभ्या इमारतींना कशी लावणार? नव्या एसीत २० ची मर्यादा कारखान्यातच घालता येते. त्यामुळे माझं मत कायम.