'नक्कल' खोटी असते का?

परभणीकर : आजीच्या पेटीत लक्ष्मीचं जुनं चित्र सापडलं, खाली रवि वर्मा प्रेसचं नाव आहे. दुकानदार म्हणायलाय, "ही नक्कल हाय, दोनशे देतो." पण तहसीलातून सातबाऱ्याची नक्कल काढली तर ती कोर्टातसुद्धा चालते. मग चित्राचीच नक्कल खोटी कशी?

नांदेडकर काका : दोन्ही शब्द अरबीतले. 'अस्ल' म्हणजे मूळ, 'नक्ल' म्हणजे उतरवून घेणं. त्यात लबाडी कुठंय? जुन्या दस्तांवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असं लिहीत, म्हणजे मुळाबरहुकूम उतरवलेली. निजामाच्या वेळी आपल्याकडं दफ्तर उर्दूत, त्यामुळं हे शब्द आजोबांच्या तोंडी पक्के. लबाडी असली की 'बनावट' म्हणायचं.

लातूरची ताई : पण काका, छापील चित्राची गोची वेगळीच आहे. तैलचित्र एकच, बाकी सगळ्या त्याच्या नकला! रवि वर्मांचा छापखाना 1894 ला मुंबईत निघाला तोच मुळी देव घरोघर जावेत म्हणून. म्हणून संग्राहक 'अस्सल आहे का' यापेक्षा 'छपाई कधीची' असं विचारतात. तेव्हा शिळाछाप होती, एकेका रंगाला वेगळा दगड. भिंगातून बघा. शिळाछापाचे ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, आजच्या ऑफसेट यंत्रछपाईचे रांगेत. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कागद निळसर पांढरा झळकला तर तो साधारण 1950 च्या पुढचा धरा, आधी कागदात ती चमक घालत नसत. नाही झळकला म्हणून जुना ठरत नाही, बरं का. आणि चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद सगळीकडं सारखाच पिवळा दिसतो.

बीडकर : 'तोतया चित्र' म्हणता येईल का?

नांदेडकर काका : नाही रे बाबा. तोतया माणूसच असतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिला तो तोतया. चित्र थोडंच म्हणतं, मी अमुक आहे! म्हणणारा दुकानदार.

परभणीकर : भिंगातून बघितलं ताई. लक्ष्मीच्या पदरावर ठिपके वेडेवाकडे आहेत. पण खालच्या नावाच्या पट्टीवर एकदम रांगेत, आणि पट्टीची कड नखाला लागायलीय. चित्र जुनं, नाव नवं. याला काय शब्द?

लातूरची ताई : ठिगळ.