‘ड्यू डिलिजन्स’ला मराठीत काय म्हणावं? (इंदूरहून, सोयाबीनच्या निमित्ताने)

छत्रीबागकर:
मंडळी, मदत हवी आहे. इथल्या एका सोयाबीन प्रक्रिया कारखान्यासाठी पुरवठादारांच्या आचारसंहितेचा मराठी मजकूर करतेय. माळव्यातल्या व्यापाऱ्यांचं हिंदीवर भागतं, पण माल विदर्भ-मराठवाड्यातूनही येतो आणि तिकडच्या अडत्यांना मराठीच हवं. मूळ मसुदा ओईसीडी (आर्थिक सहकार्य व विकास संघटना) आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांच्या 2016 च्या कृषी पुरवठा साखळीबद्दलच्या मार्गदर्शनावर बेतलेला आहे. पानोपानी ‘ड्यू डिलिजन्स’, म्हणजे आपल्या धंद्यामुळे कुणाचं नुकसान होतंय का हे कंपनीने स्वतःहून शोधणं आणि ते टाळणं. हिंदी प्रतीत त्याचं ‘सम्यक् तत्परता’ केलंय. बाबांनी ते वाचून विचारलं, कुणाची गाडी सुटतेय का? मराठीत ‘यथोचित तत्परता’ लिहिलं तर अडत्या सही ठोकेल आणि कागद गादीखाली सारेल. ‘खातरजमा’ चालेल का?

सराफ्याचा_भिया:
ताई, खातरजमा नको. खातर म्हणजे मन. आपलं मन निवलं की खातरजमा झाली. साहेब आले, गोदाम पाहिलं, फोटो काढला, पोहे-जिलेबी खाल्ली, खातरजमा! त्या 2016 च्या कागदात पाच पायऱ्या आहेत: कंपनीत व्यवस्था उभी करणं, साखळीत धोका कुठे आहे ते हुडकणं, त्यावर उपाय आखून राबवणं, ते खरंच झालं का हे तपासून घेणं, आणि जे केलं ते जाहीर करणं. हे चक्र थांबत नाही. शिवाय घर घेतानाही ‘ड्यू डिलिजन्स’ म्हणतात, पण तिथे वकील कागद बघतो तो आपले पैसे बुडू नयेत म्हणून. इथे धोका मोजायचा तो मजुराचा, शेतकऱ्याचा, जमिनीचा. एवढं ओझं ‘खातरजमा’ला झेपत नाही.

अडतीचा_पोऱ्या:
‘शहानिशा’ घ्या. खरं काय, खोटं काय हे निवडून काढणं त्यात आहे. फक्त ती बहुधा दुसऱ्याच्या बोलण्याची करतात, म्हणजे संशय आधीच आला. ‘तुमच्या मालाची शहानिशा करू’ म्हटलं तर आमच्या छावणी मंडीतला शेठ चहासुद्धा पाजणार नाही. त्यामुळे वाक्य असं फिरवा: ‘माल कुठून, कुणाच्या हातून आला याची शहानिशा खरेदीदाराने दर हंगामात करावी.’ काम खरेदीदाराच्या गळ्यात पडतं आणि ‘दर हंगामात’मुळे चक्रही येतं.

पण खरं सांगू? तुमचा मसुदा या एका शब्दावर अडत नाहीये. त्यात ‘अनुचित कपाती टाळाव्यात’ असं काही असणारच. त्याला अर्थ नाही. मंडीत ओलाव्याचं यंत्र बघा: मूठभर दाणे डबीत, झाकण पिळलं, आकडा आला. पडदा व्यापाऱ्याकडे वळलेला. शेतकरी समोर उभा, त्याला यंत्राची पाठ दिसते. मग पोत्यामागे कडता, म्हणजे वजनातली कपात, कापतात. कधी ओलाव्याच्या नावाने, कधी मातेऱ्याच्या, कधी बारदान्याच्या. सरळ लिहा: ‘ओलाव्याचा आकडा शेतकऱ्याला दाखवावा. पट्टीवर न लिहिलेला कडता घेऊ नये.’ पट्टी म्हणजे विक्रीची पावती, हे लातूरपासून अकोल्यापर्यंत कळेल.

(अवांतर: हमीभावाच्या खरेदीत 12 टक्के ओलाव्याची अट असते. 2024 च्या हंगामात केंद्राने ती 15 पर्यंत सैल केली, तेव्हा लोकांना कळलं की त्या डबीतल्या तीन टक्क्यांवर किती घरं अवलंबून आहेत.)

मराठवाडी_माणूस:
+1. ‘अग्रिम रक्कम’ असेल तर तीही काढा. ‘उचल’ म्हणा. ऊसतोडीमुळे हा शब्द आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे, आणि त्यामागचं फिटत नसलेलं देणंही. झाबुआ-अलीराजपूरकडचे मजूर कापणीला येतात, त्यांच्यातही मुकादम कुणाला किती देतो ते विचारायला हवं. उचल दिली म्हणजे गुन्हा झाला असं नाही. ती फिटेपर्यंत माणसाला दुसरीकडे कामाला जायची मोकळीक नसेल, तर 1976 चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा लागतो. म्हणून: ‘उचलीपोटी कुणालाही कामावर अडकवून ठेवू नये.’ ‘बंधपत्रित श्रम’ वगैरे लिहिलंत तर वाचणाऱ्याला ते बाँड पेपरचं प्रकरण वाटेल.

छत्रीबागकर:
कडता आणि उचल दोन्ही घेतले, आभार. आता ‘ट्रेसेबिलिटी’, म्हणजे माल कुठल्या शेतातून आला ते मागे शोधता येणं. युरोपियन संघाच्या 2023 च्या जंगलतोडविरोधी नियमात सोयाबीनही आहे. त्या नियमाप्रमाणे 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल चालत नाही आणि शेताचं नेमकं ठिकाण नोंदवावं लागतं. ‘अनुरेखणीयता’ हा कोशातला शब्द मला स्वतःलाच तीनदा वाचावा लागला.

सराफ्याचा_भिया:
‘माग’. मालाचा माग ठेवणे, माग काढणे. ‘मागमूस’ मात्र नको, तो मराठीत लागतच नाही कधी! आणि माग तुटतो कुठे तेही लिहा: लिलावानंतर पन्नास जणांचं सोयाबीन एका ढिगात ओतलं की शेत संपलं, ढीग उरला. ‘ढिगात मिसळण्याआधी शेतकऱ्याचं नाव व गाव पट्टीवर असावं’ ही ओळ हवीच.

वकीलकाका:
‘ग्रिव्हन्स’ आणि ‘रेमेडी’चं काय केलंस? तक्रार निवारण लिहिलं असशील तर अर्धंच झालं. संयुक्त राष्ट्रांच्या 2011 च्या मार्गदर्शक तत्त्वांचे तीन खांब आहेत: सरकारने संरक्षण करावं, धंद्याने हक्क मानावेत, आणि नुकसान झालेल्याला दाद मिळावी. तिसऱ्यासाठी ‘दाद’च घाल. तक्रार निवारली म्हणजे फाईल बंद झाली. दाद मिळाली म्हणजे कापलेले पैसे परत आले.

छत्रीबागकर:
काका, घातलं. ओळ अशी झाली: ‘कडता, तोल किंवा उचलीबाबत दाद मागणाऱ्याचा माल पुढच्या हंगामात नाकारू नये.’ आमच्या साहेबांनी यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. शब्द सोपा आहे, म्हणतात, पण इतका सोपा हवा का?

अडतीचा_पोऱ्या:
त्यांना अर्थ कळलाय, ताई. ओळ बदलू नका.