कढीपत्ता, तुळस आणि पुदिन्यावरच्या अळ्या-कीड: काय करावे?

पागोळी: गच्चीवर १४ इंची कुंडीत अडीच फुटी कढीपत्ता, दोन तुळशी आणि ट्रेमध्ये पुदिना आहे. कढीपत्त्याच्या शेंड्यांच्या चार दिवसांत नुसत्या काड्या झाल्यात. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी असतं, डिवचलं की हलतं. तुळशीची पानं वरून पांढुरकी पडलीत, खालून काळे ठिपके. पुदिन्याची पानं एकमेकांना चिकटून गुंडाळली जाताहेत. तिन्ही रोजच्या खाण्यातली, त्यामुळे रासायनिक औषध नको. निंबोळी तेल आणलंय, पण ते पाण्यावर तरंगतं. प्रमाण काय घ्यायचं?

खुरपं: तीन झाडं, तीन वेगळ्या किडी. एकाच फवाऱ्यात भागणार नाही.

कढीपत्त्यावरची ती 'शीट' म्हणजे फुलपाखराची अळी. लाइम बटरफ्लाय नाहीतर कॉमन मॉर्मन. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्याच कुळातला, म्हणून लिंबावरची अळी इथेही येते. लहान असताना तपकिरी-पांढरी, मोठी झाली की हिरवीगार. डिवचल्यावर डोक्यामागून लालसर शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. चावत नाही, विषारी नाही. पानांचा फडशा पाडते ती शेवटच्या हिरव्या अवस्थेत, म्हणून शिटेसारखी दिसते तेव्हाच उचलायची. रोज सकाळी दोन मिनिटं कोवळी पालवी उलटसुलट करून बघा. खसखशीच्या दाण्याएवढी फिकट पिवळी, गोल, सुटी सुटी अंडी दिसतील, ती बोटाने पुसून टाका. अडीच फुटी झाडाला फवारणीची गरजच नाही, पुन्हा पालवी फुटते. झाड वीतभर असेल तर मात्र जुन्या मच्छरदाणीचा तुकडा वरून घालून कुंडीच्या काठाखाली सुतळीने आवळा. आधी आतली अंडी-अळ्या काढा, नाहीतर त्यांना आयतंच घर.

मंजिरी: +१. अळ्या मारायच्या जिवावर आल्या तर एखाद्या मोठ्या लिंबाच्या झाडावर सोडा.

तुळशीवर जाळीदार पंखांचा बारीक ढेकूण असणार, इंग्रजीत लेस बग. जेमतेम २-३ मिलिमीटरचा, पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतो. काळे ठिपके ही त्याची विष्ठा. बहुतेक जण पानांवर वरून फवारतात आणि तेल लागू पडत नाही म्हणतात. कीड खाली, औषध वर! आधी मंजिऱ्या आणि फार खराब फांद्या छाटा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका. मग पानाखालून पाण्याचा जोरदार झोत, आणि संध्याकाळी निंबोळी तेल.

खुरपं: तेल तरंगतं कारण साबण नाही किंवा क्रम चुकतोय. एक लिटरसाठी तेल ५ मिली (चहाचा एक सपाट चमचा), भांडी घासायचा द्रव साबण १ ते २ मिली. आधी कपभर कोमट पाण्यात साबण, त्यात तेल, झाकण लावून दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवा. मग उरलेलं पाणी. पाणी जड असेल तर साबण फाटतो आणि तेल पुन्हा वर येतं, अशा वेळी पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरा. न मिसळलेले तेलाचे थेंब उन्हात पानांवर डाग पाडतात. कपड्यांची पावडर नको, तिने पानं करपतात. आधी दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा. ५-७ दिवसांच्या अंतराने तीनदा, कारण अंड्यांवर भरवसा नाही, नंतर बाहेर पडणारी पिल्लं गाठायची असतात. कालवलेलं त्याच दिवशी संपवा.

वाफा: तंबाखू उकळून ते पाणी मारा. जालीम उपाय.

मंजिरी: जालीम म्हणूनच नको. निकोटीन माणसालाही विष आहे, आणि ही पानं आमटीत आणि चहात जायची आहेत. जास्वंदीवरसुद्धा मी सुचवणार नाही.

खुरपं: पुदिन्यात गुंडाळलेलं पान उलगडून बघा, आत रेशमी धागा आणि बारीक हिरवट अळी सापडेल. पान बंद, म्हणून फवारा आत जात नाही. सरळ मातीपासून दोन बोटं ठेवून सगळा पुदिना कापा, पाणी द्या, तीनेक आठवड्यांत नवा येतो. पुन्हा आलीच तर बीटीची पावडर, लिटरला १ ग्रॅम, उन्हात निष्प्रभ होते म्हणून संध्याकाळी. (बीटी कापसातला जनुक ज्या जिवाणूचा, तोच हा.) अळीने ते पान खावं लागतं, मग ती खायची थांबते आणि दोन-तीन दिवसांत मरते. लहान अळ्यांवरच चांगलं चालतं. मावा किंवा ढेकणावर काही उपयोग नाही.

पागोळी: कढीपत्त्याच्या एका फुटव्याची पानं वाकडी झालीत, त्यावर पांढरे मेणासारखे धागे. मुंग्याही फिरताहेत. हीही अळीच का?

मंजिरी: नाही, ती सायला, कोवळ्या पालवीतला रस शोषणारी बारीक कीड. विदर्भातले संत्रा बागायतदार हिला चांगलं ओळखतात. तेवढा फुटवा खुडून पिशवीत बांधा, बाकी कोवळ्या शेंड्यांवर वरचंच तेलाचं मिश्रण. मुंग्या चिकट गोड स्रावासाठी येतात आणि किडीला तिच्या शत्रूंपासून राखतात, म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा, पाणी तळाच्या भोकाला लागता कामा नये. युरिया किंवा नत्राचं खत सध्या बंद. लुसलुशीत पालवी हेच सायला आणि माव्याचं आमंत्रण. राखही भुरभुरू नका, मातीचा आम्लपणा कमी होऊन कढीपत्ता पिवळा पडतो.

पागोळी: तेल मारल्यावर पानं किती दिवसांनी खुडायची?

खुरपं: आठवडाभर थांबा आणि दोन पाण्यांत धुवा. कडवट वास रेंगाळतोच. म्हणून फवारायच्या आधी आठवड्याची पानं खुडून, धुऊन, कोरडी करून डब्यात ठेवा. दोन तुळशी आहेत ना, तर एकीवर आज आणि दुसरीवर आठ दिवसांनी, पण मधल्या काळात कुंड्या लांब ठेवा.