डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी सेकंडहँड गाडी सुचवा (बजेट ९० हजार, सगळं धरून)

रानजाई
नमस्कार मंडळी. राहायला साताऱ्यात, वय ४३, उंची पाच फूट दोन इंच. घरची स्प्लेंडर बरीच वर्षं चालवते आहे, पण ती ह्यांच्या कामाची गाडी आहे, सारखी मागता येत नाही. मला घाटमाथ्यावरचे आणि खोऱ्यांतले जुने रस्ते फिरायचे आहेत. हायवेवर पळवायची नाही. डोक्यात असलेली पहिली फेरी अशी: सातारा, मेढा, बामणोली, तराफ्यानं कोयनेच्या पाण्यापलीकडे, कांदाटी खोरं, शिंदी, रघुवीर घाटानं खेड, मग दापोली, दाभोळहून फेरीबोटीनं धोपावे, गुहागर, आणि कुंभार्ली घाट चढून परत. निम्म्या वेळा एकटी असेन, निम्म्या वेळा मागे नणंद.

अट एकच. पडलेली गाडी मला एकटीला उचलता आली पाहिजे. बजेट ९० हजार, त्यात गाडी, टायर, नाव बदलणं सगळं आलं. कृपया बजेटमध्येच सुचवा.

बुलेटआबा
ताई, ९० हजारांत हल्ली काय येतं? थोडं ताणा आणि रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० घ्या. ४५२ सीसी, ४० बीएचपी, घाट चढताना गिअर उतरायला लागत नाही. मी खार्दुंगला याच गाडीवर केला. साठीच्या घरात आहे, तरीही. गाडी एकदाच घेतो माणूस, मन मारून घेऊ नये.

चेनस्प्रॉकेट
आबा, थोडं म्हणजे किती? ती नवी तीन लाखांच्या आसपास जाते.

रानजाई, तुमच्या कामाला हिरो एक्सपल्स २००. २०१९ ला आली, म्हणजे आता सेकंडहँड बाजारात मुबलक. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची) २२० मिमी. वजन दीडशे किलोच्या जरासं वर. तुमच्या बजेटमध्ये चांगली टू-व्हॉल्व्ह (आधीच्या इंजिनाची) मिळेल, टायरलाही पैसे उरतील. मी स्वतः चालवतो, पुरंदर-भोर पट्ट्यात एकही वाट ठेवलेली नाही.

निवांत_कराडकर
आमच्या पाटणच्या डोंगरात दूधवाला दोन्हीकडं ४० लिटरची किटली अडकवून स्प्लेंडरवर चढतोय, तिथं तुमच्या ॲडव्हेंचर गाड्या फोटो काढायला थांबत्यात. आहे ती गाडीच वापरा. ह्यांना म्हणावं एसटीनं जा कामाला.

रानजाई
@निवांत_कराडकर सुचवून बघितलं. जेवण गार वाढलं त्या दिवशी, पण माझ्याच पानात. :)

पंक्चर_पुराण
गाडी कुठलीही घ्या, आधी पंक्चर काढायला शिका. तारेच्या स्पोकची बहुतेक चाकं ट्यूबवाली असतात, हे शोरूमवाला सांगत नाही. शिंदीच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. मोबाइलला रेंज नाही, दुकान नाही, पावसाची लक्षणं. गाडीचं नाव घेत नाही, उगाच इथे युद्ध पेटेल. किट होतं माझ्याकडे, पण मागच्या ॲक्सलचा नट कंपनीनं दिलेल्या टूलकिटच्या पान्यानं हलेना. पान्यावर उभा राहिलो तर पाना वाकला. शेवटी गावातल्या एका मामांनी ट्रॅक्टरचा पाना आणला, वर तांदळाची भाकरी आणि आमटी.

म्हणून सांगतो: लांब दांड्याचा नीट मापाचा रिंग पाना, टायर काढायच्या तीन पट्ट्या (दोन पुरत नाहीत), पुढची-मागची एकेक ट्यूब, पायपंप. आणि हे सगळं घरच्या अंगणात एकदा चाक उतरवून वापरून बघा. नुसतं सोबत बाळगून काही होत नाही. पुढे पुणे-सातारा रस्त्यावर टेंपोवाल्यानं मला कट मारला तो किस्सा वेगळाच आहे, तो नंतर लिहितो.

न्यूजर्सीकर
छान धागा. इथे अमेरिकेत बॅककंट्री डिस्कव्हरी रूट्स म्हणून प्रकार आहे. एकेका राज्यातून आडव्या-उभ्या जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांचे नकाशे तयार मिळतात, मार्गाची जीपीएक्स फाइल मोबाइलवर उतरवायची आणि निघायचं. युटातला केलाय मी, लाल दगडांतून. सह्याद्रीत असं कोणी का करत नाही? आणि गाडी घेताना ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी यंत्रणा) असलेलीच घ्या, त्याशिवाय ग्रॅव्हलवर जाणं म्हणजे धोका.

चेनस्प्रॉकेट
९० हजारांत ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे उजवं मनगट.

सडा_वाचवा
@न्यूजर्सीकर सह्याद्रीत असे नकाशे वाटत नाहीत ते बरंच आहे. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, तरी आजूबाजूच्या उघड्या सड्यांवर (कातळी पठारांवर) गाड्यांची चाकोरी दिसतेच. जांभ्यावर माती बोटभर असते, त्यात ती फुलं. एक चाक फिरलं की पुढच्या पावसात माती वाहून खाली खडक. आणि कांदाटीचा भाग कोयना अभयारण्याला लागून, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी आहे. गावांना जोडणाऱ्या रस्त्यावरून जा, जंगलातल्या वाटेवर वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालू नका.

बुलेटआबा
झालं! म्हणजे आता डोंगरात फिरायचंच नाही का? गुरं चालतात तेव्हा माती उडत नाही?

सडा_वाचवा
गुरांना नॉबी (खोल गाठींचे) टायर नसतात आबा.

बुलेटआबा
तुम्ही घाटात कार घेऊनच जात असाल.

सडा_वाचवा
एसटी. सातारा-बामणोली.

मालवणी_खटारा
माजी हिरो इम्पल्स असा, २०१३ ची, एकहाती. ८५ हजार. मालवणाक येवा, बगून जावा. रस्त्यान काजू पण घेवन जावा.

धागा-राखणदार
विक्रीच्या जाहिराती खरेदी-विक्री विभागात टाकाव्यात. काजूच्यासुद्धा.

चेनस्प्रॉकेट
इम्पल्स गाडी गोड होती, १५० सीसी, हलकी. पण २०११ ला आलेली आणि कधीच बंद झालेली. प्लास्टिक आणि सस्पेन्शनचे भाग शोधत बसाल. ८५ तर फारच झाले.

सईबाई_सुसाट
इथे बहुतेक उंच पुरुष मंडळी सल्ला देताहेत म्हणून लिहिते. मी पाच फूट एक इंच. एक्सपल्सची सीट ८२५ मिमीच्या आसपास. सपाट रस्त्यावर एक पाय टेकवून जमतं, पण उतारावर गाडी कलते ती नेमकी जिथे जमीन खोल आहे त्या बाजूला. तिथे पाय पोहोचत नाही आणि गाडी आडवी. जुनी हिमालयन ४११ सीटला ठेंगणी, ८०० मिमी, त्यामुळे शोरूममध्ये बसून बघितली की प्रेमात पडायला होतं. वजन मात्र १९९ किलो. बसता येणं आणि उचलता येणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, दोन्ही द्या. विकणाऱ्याला सांगा की गाडी गवतावर आडवी करून उचलून बघणार. तयार झाला नाही तर दुसरा शोधा.

उचलायची पद्धत: इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. हँडल पूर्ण वळवून घ्या. गाडीकडे पाठ करून खाली बसा, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्यात मागचं ग्रॅब रेल, आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उठा. कमरेत वाकून ओढलीत तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर.

रानजाई
सईबाई, मला हेच हवं होतं. रविवारी ह्यांची स्प्लेंडर अंगणात आडवी करून बघते. (ह्यांना सांगू नका.)

फक्त_एक्झॉस्ट
कुठलीही घ्या, आधी फ्री-फ्लो सायलेन्सर टाका. डोंगरात आवाज घुमला पाहिजे. पॉवरही वाढते.

निवांत_कराडकर
आमच्याकडं म्हशी दूध चोरत्यात असला आवाज ऐकला की. गावात अडवतील तवा आमचं नाव सांगू नका.

चेनस्प्रॉकेट
सायलेन्सर बदलणं बेकायदा आहे, पावती फाटते. तो विषय इथेच थांबवा.

सेकंडहँड बघताना: गाडीचं पुढचं चाक अधांतरी करा, हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मध्ये खटका लागला तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय. फोर्कच्या (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या) नळीवर तेलाचा ओघळ असेल तर ऑइल सील गेलंय. मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बघा, दात आकड्यासारखे वाकले असतील तर चेनसेट पूर्ण बदलायचा. कागदांत आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विमा चालू आहे का बघा. एवढं नीट असेल तर रंग कुठलाही चालेल.

बुलेटआबा
हिमालयनला असलं काही बघावं लागत नाही, नवी घ्यायची.

पंक्चर_पुराण
टेंपोचा किस्सा कोणी विचारला नाही, तरी सांगतो. नाही, राहू दे. त्याऐवजी दोन कामाच्या गोष्टी. क्लचची नवी केबल जुन्या केबलला समांतर, पट्ट्यांनी बांधून टाकीखालून आधीच ओढून ठेवा. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. आणि एम-सील (मळून लावायची पुट्टी). दगडावर आपटून इंजिनाचा तळ चिरला तर कोरडा पुसून लावा, गावापर्यंत पोहोचवतं.

जांभ्या
कोकणात उतरणार आहात म्हणून सांगतो. मी संगमेश्वरचा. पावसाळ्यात आणि पुढे दिवाळीपर्यंत सावलीतल्या जांभ्यावर शेवाळ असतं, दिसत नाही. त्यावर पुढचा ब्रेक अजिबात नको. उताराला दुसरा, फार तर पहिला गिअर, इंजिनालाच रोखू द्या, मागचा ब्रेक हलका. रघुवीर घाट पावसात दरडींमुळे पर्यटकांना बहुतेक बंदच असतो, तेव्हा जाऊ नका. पेट्रोल अलीकडून येताना साताऱ्यात आणि पलीकडून येताना खेडला टाकी भरून. मधल्या गावात दुकानात बाटलीतलं मिळालं तर नशीब. तिन्हीसांजेनंतर गवा रस्त्यावर येतो आणि हॉर्न दिला म्हणून बाजूला होत नाही. अंधार पडायच्या आत खाली.

टायरची हवा खडीवर चार-पाच पीएसआय कमी केली की गाडी कमी उड्या मारते. पण ट्यूबवाल्या चाकात फार उतरवू नका, टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो.

न्यूजर्सीकर
आमच्याकडे अस्वल.

मीच_तो_सचिन
कोणी एक्सपल्स सुचवली का? हलकी आहे, क्लिअरन्स चांगला, बजेटमध्ये बसेल.

चेनस्प्रॉकेट
...

रानजाई
मंडळी, गाडी घेतली. उशीर झाला कळवायला, शाळेच्या परीक्षा होत्या.

एक्सपल्स दोन बघितल्या. एकीचा कोनसेट गेलेला, हँडलला खटका लागत होता (चेनस्प्रॉकेट, धन्यवाद), विकणारा म्हणे सगळ्यांची अशीच असते. दुसरी उत्तम होती. कोरेगावला एका शेतात आडवी केली. सईबाईंच्या पद्धतीनं उचलली, उठली, पण दुसऱ्यांदा नाही उठली. दमलेली असताना, चिखलात, नणंद हसत असताना उठणार नाही हे कळलं.

शेवटी बजाज सीटी ११०एक्स घेतली, २०२२ ची, ५० हजारांच्या आत. ११५ सीसी, चार गिअर, १२७ किलो, टायर मुळातच अर्धे नॉबी, मागे कॅरिअर. क्लिअरन्स १७० मिमी आहे, माहीत आहे. मोठा दगड आला तर बाजूनं जाईन. लागोपाठ तीन वेळा उचलली. उरलेल्या पैशांत हेल्मेट, गुडघ्याची गार्ड, बूट आणि पंक्चर_पुराण यांची पूर्ण यादी.

बुलेटआबा
सीटी? धागा एवढा लांबवला तो सीटीसाठी? लिहून ठेवा, दिवाळीच्या आत विकाल.

चेनस्प्रॉकेट
खरं सांगू, मला नाही पटलं. पुढचं चाक १७ इंची, खड्ड्यात पडल्यावर मनगटं बोलतील. मागे नणंद बसली तर रघुवीरचा चढ पहिल्या गिअरवर आणि सस्पेन्शन तळाला लागणार. पण घेतलीच आहे तर ब्रेक शू नवे टाका, उतारावर ते लवकर तापतात. मागचा स्प्रॉकेट दोन दातांनी मोठा मिळतोय का बघा. टॉप स्पीड घटेल, चढाला जीव येईल.

निवांत_कराडकर
स्प्लेंडरच की ती, दुसऱ्या नावाची. मी जिंकलो.

सईबाई_सुसाट
मी असते तर एक्सपल्सला खालची सीट करून घेतली असती. पण तीन वेळा उचललीत ना, मग चालवा.

पंक्चर_पुराण
चाक उतरवून बघितलंत का अंगणात?

रानजाई
उतरवलं. परत बसवताना ब्रेकची दांडी उलटी लागली, पुन्हा काढलं. स्प्रॉकेटचं विचारते, चेनस्प्रॉकेट. तराफ्यावर मोटरसायकल न्यायची असेल तर बामणोलीला आधी विचारून ठेवावं लागतं का, आणि पाणी उतरल्यावर काठापर्यंतचा रस्ता कसा असतो? कोणी उन्हाळ्यात गेलंय?

सडा_वाचवा
पाणी उतरलं की काठ लांब जातो आणि मधला पट्टा गाळाचा. तुमच्या १२७ किलोंचा तिथे उपयोग होईल. आदल्या दिवशी गावात फोन करून विचारा, तराफा प्रवासी आणि पाणी बघून सुटतो.